ध्वनिविवर्धक, जुने उच्च तद्रूपतेचे

ध्वनिमुद्रिका, ध्वनिफीत, रेडिओ इत्यादींकडून मिळणारा क्षीण विद्युत् संदेश, त्याच्या तरंगाकारात शक्य तितका कमी बदल होऊ देऊन, ध्वनिक्षेपक चालविण्याइतका शक्तिमान करणाऱ्या इलेक्ट्रॉनीय उपकरणास उच्च तद्रूपतेचा ध्वनिविवर्धक असे म्हणतात. तद्रूपता म्हणजे मूळ ध्वनीशी असलेली एकरूपता होय. याच अर्थाने ‘हाय-फाय’ ही संज्ञा बोलीत रूढ झाली आहे. सामान्यतः १९३० ते १९८० या काळात तयार झालेले व आता निर्मितीतून गेलेले या जातीचे उत्तम विवर्धक आज जगभर जाणीवपूर्वक शोधले, दुरुस्त केले व वापरले जातात. इलेक्ट्रॉनीय उपकरण नवे निघाले की जुने टाकाऊ ठरते, हा सर्वसाधारण नियम असताना या एका उपकरणाच्या बाबतीत तो लागू पडलेला नाही. याची कारणे काही अंशी तांत्रिक, काही अंशी श्रवणाच्या मानसशास्त्राशी निगडित, तर काही अंशी कारागिरीविषयीच्या आदराची आहेत. जुन्या विवर्धकाचा आवाज खरोखर अधिक चांगला असतो की तसा केवळ भासतो, हा वाद अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहे.

पूर्वपीठिका : ब्रिटिश अभियंते जॉन अँब्रोझ फ्लेमिंग (१८४९–१९४५) यांनी १९०४ मध्ये दोन विद्युत् अग्रांची निर्वात नलिका (द्विप्रस्थ) तयार केली. अमेरिकन संशोधक ली डी फॉरेस्ट (१८७३–१९६१) यांनी तीत जालक हे तिसरे अग्र घातले व या त्रिप्रस्थ नलिकेस ‘ऑडिऑन’ असे नाव दिले (१९०६). जालकावरील विद्युत् दाबात होणाऱ्या अल्प बदलामुळे नलिकेतून जाणाऱ्या प्रवाहात मोठा बदल होतो आणि यातच विवर्धनाचे बीज आहे. डी फॉरेस्ट यांच्या नलिकेत वायूचा अंश राहत असल्याने तिचे कार्य बेभरवशाचे होते. अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीच्या अभियंत्यांनी नलिकेतील निर्वात अधिक उच्च करून ती दूरध्वनीच्या लांब तारमार्गांवर वापरण्यायोग्य बनविली. जानेवारी १९१५ मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को हा दूरध्वनिमार्ग खुला झाला, तो या विवर्धकांच्या बळावरच. ध्वनिविवर्धकाचा जन्म अशा रीतीने संगीतासाठी नव्हे, तर दूरध्वनीसाठी झाला [⟶ निर्वात नलिका].

बेल प्रयोगशाळांत विकसित झालेली विद्युतीय ध्वनिमुद्रणाची पद्धत १९२५ मध्ये व्यवहारात आली. त्यापूर्वी गायकाला कर्ण्यासमोर उभे राहून गावे लागे आणि त्याच्या आवाजाच्या यांत्रिक ऊर्जेनेच मेणाच्या तबकडीवर खोबणी कोरली जाई. ध्वनिग्राहक व विवर्धक यांच्या साहाय्यामुळे कुजबुजीइतका मंद स्वरही मुद्रित करता येऊ लागला. पाठोपाठ बोलपट आला आणि हजार-दोन हजार प्रेक्षकांच्या गृहात स्पष्ट ऐकू जाईल इतक्या शक्तीची व खात्रीची उपकरणे आवश्यक झाली.

चित्रपटगृहांतील विवर्धक : अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीने बोलपटांसाठी तयार केलेले विवर्धक जुन्या उपकरणांच्या संग्राहकांत सर्वोच्च मानाचे समजले जातात. ही उपकरणे प्रारंभी चित्रपटगृहांना विकत न देता भाड्याने दिली जात व त्यांच्या देखभालीची जबाबदारी पुरवठा करणाऱ्यांवरच असे. खेळ चालू असताना उपकरण बंद पडणे म्हणजे प्रेक्षकांचे पैसे परत करणे होय. म्हणून त्यांचे घटक त्यांच्या क्षमतेच्या मर्यादेहून पुष्कळ खाली चालविले जात. नव्वद वर्षांपूर्वीची काही रोहित्रे आजही निर्दोष चालतात, याचे कारण या सावध अभिकल्पात आहे.

याच कंपनीची ‘३०० बी’ ही त्रिप्रस्थ शक्तिनलिका १९३८ मध्ये आली. तिचा तंतू हाच ऋणाग्राचे कार्य करतो. एकच नलिका वापरल्यास तिच्यापासून सुमारे ८ वॉट एवढी शक्ती मिळते. आजच्या मानाने ही शक्ती फारच थोडी वाटते. परंतु त्या काळचे मोठ्या कर्ण्याचे ध्वनिक्षेपक अत्यंत कार्यक्षम असल्यामुळे तेवढ्यावर मोठी सभागृहे भरून जात. ८ वॉटऐवजी ८० वॉट वापरल्यास ध्वनिपातळी केवळ १० डेसिबेलने वाढते व कानाला आवाज साधारणतः दुप्पट झाल्यासारखा वाटतो, हे लक्षात घेतले म्हणजे अल्पशक्तीच्या विवर्धकांविषयीचा पूर्वग्रह दूर होतो. ३०० बी नलिकेचे उत्पादन १९८८ मध्ये थांबले. पुढे मागणी वाढल्यामुळे १९९० च्या दशकात ते पुन्हा हाती घेण्यात आले.

ऋण पुनःप्रदाय : दूरध्वनीच्या लांब मार्गावर एकापुढे एक असे अनेक विवर्धक जोडावे लागत आणि प्रत्येकाची विकृती पुढच्याच्या विकृतीत मिसळत जाई. बेल प्रयोगशाळांतील अभियंते हॅरल्ड स्टीफन ब्लॅक (१८९८–१९८३) यांना या अडचणीवरील उपाय २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी हडसन नदी ओलांडणाऱ्या प्रवासी बोटीत सुचला आणि त्यांनी तो हातातील वर्तमानपत्राच्या पानावरच मांडला. विवर्धकाच्या प्रदानाचा काही भाग उलट कलेत आदानाकडे परत आणला, तर विवर्धन कमी होते. पण त्याच प्रमाणात विकृतीही कमी होते, असे हे तत्त्व आहे. जे विवर्धन विपुल आहे त्यातील काही भाग देऊन दुर्मिळ असलेली अचूकता विकत घेण्याचा हा व्यवहार होय. एकस्व अर्ज १९२८ मध्ये करण्यात आला, परंतु एकस्व मिळण्यास १९३७ साल उजाडले. आज ज्यांना जुने म्हटले जाते त्या बहुतेक सर्व नामांकित विवर्धकांचा पाया हेच तत्त्व आहे.

ब्रिटनमधील विकास : दुसऱ्या महायुद्धानंतर घरगुती उच्च तद्रूपतेचे केंद्र प्रथम ब्रिटनमध्ये निर्माण झाले. हॅरल्ड लीक यांनी १९४५ मध्ये ‘पॉइंट वन’ हा विवर्धक बाजारात आणला. त्याची हरात्मक विकृती ०·१ टक्का होती व त्याचे नावही त्यावरूनच पडले. तत्पूर्वी एक-दोन टक्के विकृती समाधानकारक मानली जात असे.

तरुण अभियंते डी. टी. एन. विल्यमसन (१९२३–९२) यांनी वायरलेस वर्ल्ड या नियतकालिकाच्या एप्रिल व मे १९४७ च्या अंकांत एका उत्कृष्ट विवर्धकाचा संपूर्ण अभिकल्प प्रसिद्ध केला. पुश-पुल पद्धतीने जोडलेल्या दोन केटी ६६ नलिका, त्रिप्रस्थाप्रमाणे त्यांची जोडणी, २० डेसिबेल एवढा ऋण पुनःप्रदाय आणि १५ वॉट शक्तीस ०·१ टक्क्याहून कमी विकृती, ही त्याची वैशिष्ट्ये होत. पुनःप्रदायाच्या वलयात प्रदान रोहित्रही समाविष्ट असल्यामुळे ते असाधारण दर्जाचे असणे आवश्यक होते. अन्यथा उच्च वा नीच कंप्रतांना संदेशाची कला बदलून ऋण पुनःप्रदायाचा धन पुनःप्रदाय होतो व विवर्धक स्वतःच आंदोलने करू लागतो. या लेखांमुळे जगभरातील हौशी तंत्रज्ञांनी घरीच असे विवर्धक बांधले. पुढील दशकभर कोणत्याही नव्या विवर्धकाची तुलना ‘विल्यमसन’शी होत असे.

पीटर वॉकर (१९१६–२००३) यांनी १९३६ मध्ये स्थापन केलेल्या ॲकूस्टिकल मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा ‘क्वाड टू’ हा विवर्धक १९५३ पासून १९६७ पर्यंत उत्पादनात होता. त्यातील प्रदान रोहित्राच्या वेटोळ्याचा काही भाग शक्तिनलिकांच्या ऋणाग्रमंडलात घालून वॉकर यांनी थोड्या घटकांत विकृती आटोक्यात ठेवली. लहान आकार, नीटनेटकी मांडणी व दुरुस्तीची सुलभता यांमुळे तो घरगुती वापरात विशेष लोकप्रिय झाला.

अमेरिकेतील विकास : दीर्घकाल वाजणारी ध्वनिमुद्रिका १९४८ मध्ये आली व अमेरिकेत चांगल्या विवर्धकांची मागणी झपाट्याने वाढली. फ्रँक मॅकिंटॉश (१९०६–९०) व गॉर्डन गाउ यांनी १९४९ मध्ये पुश-पुल विवर्धकातील एका मूलभूत दोषावर उपाय काढला. या पद्धतीत दोन नलिका तरंगाचे दोन अर्धे भाग आळीपाळीने वाहतात. एकीकडून दुसरीकडे भार जात असताना रोहित्राच्या दोन अर्ध्या वेटोळ्यांतील जोडणी परिपूर्ण नसेल, तर तरंगात खाच पडते. मॅकिंटॉश यांनी दोन तारा शेजारी शेजारी ठेवून एकत्र गुंडाळल्या व ही जोडणी अत्यंत दृढ केली. न्यूयॉर्क राज्यातील बिंगमटन येथील त्यांच्या कंपनीने १९६१ मध्ये आणलेला ‘एमसी २७५’ हा प्रत्येक मार्गास ७५ वॉट देणारा विवर्धक या परंपरेचा कळस समजला जातो. त्याचे उत्पादन १९७३ मध्ये बंद झाले आणि १९९३ मध्ये गाउ यांच्या स्मरणार्थ ते पुन्हा सुरू करण्यात आले. १९६२ पासून सुमारे तीन दशके या कंपनीचे तंत्रज्ञ विक्रेत्यांच्या दुकानांत जाऊन ग्राहकांनी आणलेला कोणत्याही कंपनीचा विवर्धक विनामूल्य तपासून देत व त्याच्या विकृतीचा आलेख मालकाच्या हाती ठेवीत.

सॉल मारांट्झ (१९११–९७) हे मूळचे आरेखक. बाजारातील पूर्वविवर्धक पसंत न पडल्यामुळे त्यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी स्वतःसाठी एक तयार केला व त्यातूनच त्यांचा व्यवसाय उभा राहिला. सिडनी स्मिथ या अभियंत्याच्या सहकार्याने तयार झालेले मारांट्झ ७ (पूर्वविवर्धक) व मारांट्झ ९ (७० वॉटचा शक्तिविवर्धक) हे आजही संग्राहकांत अत्यंत दुर्मिळ व महाग आहेत. मुखपट्टीवरील सममितीने मांडलेली बटणे, आतील तारांची रेखीव बांधणी व निवडून घेतलेले घटक यांमुळे ही उपकरणे औद्योगिक आरेखनाचे नमुने म्हणूनही मानली जातात. या प्रकारची निर्मिती मात्र अतिशय खर्चाची असल्याने कंपनी १९६४ मध्ये दुसऱ्या मालकांकडे गेली.

याउलट डेव्हिड हॅफलर (१९१९–२००३) यांनी उत्तम विवर्धक स्वस्त कसा होईल याचा विचार केला. हर्बर्ट केरोस यांच्याबरोबर त्यांनी १९५१ मध्ये ‘अल्ट्रालिनिअर’ जोडणी प्रसिद्ध केली. तीत शक्तिनलिकेचे पडदा-जालक प्रदान रोहित्राच्या वेटोळ्यावरील मधल्या बिंदूस जोडलेले असते. त्यामुळे पंचप्रस्थाची शक्ती व त्रिप्रस्थाची अल्प विकृती यांचा मेळ घालता येतो. या जोडणीची मूळ कल्पना ब्रिटिश अभियंते ॲलन ब्लमलाइन यांनी १९३० च्या दशकातच मांडली होती. हॅफलर यांच्या डायनाको कंपनीचा ‘स्टिरिओ ७०’ (१९५९, प्रत्येक मार्गास ३५ वॉट) हा सुट्या भागांच्या संचाच्या रूपातही मिळे व ग्राहक तो काही तासांत घरी जोडीत असे. तो लक्षावधी घरांत गेला. जुन्या विवर्धकांकडे वळणाऱ्या नवशिक्याच्या हाती आजही प्रथम बहुधा हाच पडतो.

ट्रँझिस्टर युग : ट्रँझिस्टरचा शोध डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळांत लागला. १९६० च्या दशकात तो ध्वनिविवर्धकांत सर्वत्र आला. त्याला तापणारा तंतू नाही, अवजड प्रदान रोहित्राची गरज नाही व नलिकेप्रमाणे तो ठराविक काळाने बदलावाही लागत नाही. असे असूनही पहिल्या पिढीतील अनेक ट्रँझिस्टर विवर्धकांचा आवाज कानाला कर्कश वाटला आणि जुन्या नलिकांविषयीच्या ओढीचा आरंभ येथेच झाला.

या कर्कशपणाचे कारण पुढे स्पष्ट झाले. उष्णता व खर्च वाचविण्यासाठी ट्रँझिस्टर ‘ब’ वर्गात, म्हणजे प्रत्येकाने तरंगाचा अर्धाच भाग वाहावा अशा रीतीने, चालविले जात. तरंग शून्यातून जाताना एक ट्रँझिस्टर बंद होतो, परंतु दुसरा पूर्णपणे चालू झालेला नसतो. तेथे तरंगात लहानशी पायरी पडते. पायरीचा आकार जवळजवळ स्थिर असल्यामुळे पूर्ण शक्तीस ती टक्केवारीत नगण्य ठरते. परंतु मंद स्वराला तिचे प्रमाण मोठे होते. विकृती पूर्ण शक्तीस मोजण्याचा प्रघात असल्याने माहितीपत्रकातील आकडा उत्तम आणि ऐकू येणारा आवाज मात्र वाईट, अशी विसंगती उद्भवली. श्रोत्यांची तक्रार येथे खरी होती व मापनाची पद्धत अपुरी होती. फिनलंडचे मॅटी ओटाला यांनी १९७० मध्ये आणखी एक दोष दाखवून दिला. विवर्धकाचे आतील टप्पे मंद असतील व पुनःप्रदाय अतिशय असेल, तर संदेश एकाएकी वाढताच आदानाचे टप्पे क्षणभर अतिभारित होतात. पुढील अभ्यासात असे दिसून आले की, दोष पुनःप्रदायाचा नसून मंद टप्प्यांचा होता व पुरेशा वेगाचे ट्रँझिस्टर वापरल्यास तो उरत नाही.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये विवर्धकाची शक्ती कोणत्या परिस्थितीत मोजून जाहीर करावी याचा नियम केला. तोपर्यंत ‘शिखर शक्ती’, ‘संगीत शक्ती’ अशा नावांखाली फुगविलेले आकडे दिले जात. नियमानुसार उपकरण आधी तासभर तापवून घ्यावे लागे. त्यामुळे जाड उष्णताशोषक पंखे व मोठी शक्तिरोहित्रे वापरणे भाग पडले. जपानी कंपन्यांत मग शक्तीची स्पर्धा लागली. पायोनिअरच्या १९७६ मधील ‘एसएक्स १२५०’ या ग्राही-विवर्धकाची शक्ती प्रत्येक मार्गास १६० वॉट, तर १९७८ मधील ‘एसएक्स १९८०’ ची २७० वॉट होती आणि दुसऱ्याचे वजन सुमारे ३५ किग्रॅ. होते. ॲल्युमिनियमची घासून चकचकीत केलेली मुखपट्टी, जड फिरत्या कळा व प्रकाशित मापकांच्या काचा यांमुळे या दशकातील ट्रँझिस्टर विवर्धकही आता संग्रहाचा विषय झाले आहेत. १९८० च्या दशकात एकात्मित मंडले आली, खर्चात काटकसर सुरू झाली व ही भारदस्त बांधणी सामान्य उपकरणांतून नाहीशी झाली.

जुन्याकडे परत वळणे : नलिका विवर्धकांचे पुनरुज्जीवन एकाच देशात झाले नाही. अमेरिकेत विल्यम जॉन्सन यांनी १९७० मध्ये ऑडिओ रिसर्च ही कंपनी काढली व नलिकांचे नवे विवर्धक बाजारात आणले. जपानमध्ये तर नलिकांची परंपरा कधी खंडितच झाली नव्हती. तेथील हौशी तंत्रज्ञांनी अमेरिकन चित्रपटगृहांतून काढून टाकलेली वेस्टर्न इलेक्ट्रिकची उपकरणे मोठ्या प्रमाणावर मिळविली. आपल्याकडचा ठेवा परदेशी गेला याची जाणीव अमेरिकनांना पुष्कळ उशिरा झाली. हिरोयासू कोंडो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस चांदीच्या तारेची रोहित्रे असलेला ‘ओंगाकू’ हा एकेरी त्रिप्रस्थ विवर्धक तयार केला. जेमतेम पंचवीस-तीस वॉटच्या या विवर्धकाची किंमत मोटारीहून अधिक होती. १९९० च्या दशकात ही एकेरी त्रिप्रस्थाची आवड यूरोप व अमेरिकेत पसरली.

मापन व श्रवण : जुन्या विवर्धकांचे चाहते त्यांच्या आवाजाचे वर्णन ‘उबदार’, ‘गोल’, ‘भरीव’ अशा विशेषणांनी करतात. या अनुभवामागे काही भौतिक कारणे आहेत. पहिले कारण विकृतीच्या स्वरूपाचे. षड्जाचे दुसरे हरात्मक म्हणजे तार षड्ज, तिसरे म्हणजे तार सप्तकातील पंचम व पाचवे म्हणजे त्याच्या वरील सप्तकातील गांधार होय. ही हरात्मके मूळ स्वराशी संवादी असल्याने अल्प प्रमाणात मिसळली तर स्वर बिघडल्यासारखा न वाटता अधिक भरीव वाटतो. सातवे हरात्मक मात्र नेहमीच्या कोमल निषादाहून खाली पडते व त्यापुढील अनेक हरात्मके कानाला खुपतात. त्रिप्रस्थाची विकृती प्रामुख्याने दुसऱ्या हरात्मकाची असते, तर वर वर्णन केलेल्या पायरीतून उच्च हरात्मके निर्माण होतात. बीबीसीचे डी. ई. एल. शॉर्टर यांनी १९५० मध्येच उच्च हरात्मकांना मापनात अधिक भार द्यावा असे सुचविले होते. तथापि नलिका म्हणजे सम हरात्मके हा प्रचलित समज पूर्णतः बरोबर नाही. पुश-पुल जोडणीत सम हरात्मके परस्परांस छेद देतात; म्हणून विल्यमसन, क्वाड व मॅकिंटॉश यांच्या विवर्धकांना तो लागूच पडत नाही. शिवाय अनेक स्वर एकाच वेळी वाजत असता त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे विसंवादी स्वरही उत्पन्न होतात.

दुसरे कारण प्रदान संरोधाचे आहे. ध्वनिक्षेपकाचा संरोध सर्व कंप्रतांना सारखा नसतो. समजा, तो ६ ओहम ते २४ ओहम या मर्यादेत बदलतो व पुनःप्रदाय नसलेल्या त्रिप्रस्थ विवर्धकाचा स्वतःचा प्रदान संरोध ३ ओहम आहे; तर निरनिराळ्या कंप्रतांच्या पातळीत सुमारे २·५ डेसिबेलपर्यंत फरक पडतो. हा फरक कोणालाही सहज ऐकू येतो. आधुनिक ट्रँझिस्टर विवर्धकाचा प्रदान संरोध ओहमच्या अल्पांशाइतकाच असल्यामुळे त्यात तो पडत नाही. म्हणजे या उदाहरणात श्रोत्याला भावणारी गोष्ट ही विवर्धकाची अचूकता नसून त्याने केलेला सौम्य स्वरबदल होय. तिसरे कारण अतिभाराचे. नलिका विवर्धक मर्यादेबाहेर गेला, तर विशेषतः पुनःप्रदाय थोडा असल्यास, तरंगाचा माथा क्रमाक्रमाने गोल होतो. ट्रँझिस्टर विवर्धकात तो एकदम सपाट कापला जातो.

ही कारणे मान्य केली, तरी सुस्थितीतील दोन चांगले विवर्धक त्यांच्या मर्यादेत चालविले असता केवळ कानाने ओळखता येतात काय, हा प्रश्न उरतोच. वायरलेस वर्ल्डच्या जुलै १९७८ च्या अंकात जेम्स मॉयर यांनी क्वाड कंपनीच्या तीन पिढ्यांतील विवर्धकांच्या श्रवणचाचणीचा वृत्तांत दिला. त्यांपैकी क्वाड टू नलिकांचा, तर ३०३ व ४०५ हे ट्रँझिस्टरांचे होते. अनुभवी श्रोत्यांना कोणता विवर्धक चालू आहे हे सांगितले नव्हते. त्यांची उत्तरे नाणेफेकीहून अधिक अचूक ठरली नाहीत. १९८५ मध्ये बॉब कार्व्हर यांनी स्टिरिओफाइल या नियतकालिकाच्या संपादकांसमोर आपल्या स्वस्त ट्रँझिस्टर विवर्धकात एका महागड्या नलिका विवर्धकाबरहुकूम फेरफार केले. दोन्हींच्या प्रदानांची वजाबाकी जवळजवळ शून्य होईपर्यंत त्यांनी हे काम चालविले आणि अखेर संपादकांना दोघांतील फरक सांगता आला नाही. नलिकेचा म्हणून जो विशिष्ट ध्वनी मानला जात होता तो अन्य मार्गानेही निर्माण करता येतो, हे यावरून दिसून आले.

या चाचण्यांचे निष्कर्ष सर्वांनी स्वीकारलेले नाहीत. थोड्या वेळाच्या तुलनेत न जाणवणारे फरक दीर्घ सहवासात जाणवतात, असा आक्षेप घेतला जातो. परंतु झाकलेल्या चाचणीत फरक नाहीसा होतो व उपकरण डोळ्यांसमोर असता तो परत येतो, याची नोंद घ्यावीच लागते. मंद लालसर प्रकाशणाऱ्या नलिका, उपकरणाचे वजन, त्याचा इतिहास व ते स्वतः जुळवून घेतल्याचे समाधान यांचा श्रवणावर परिणाम होतो. हा परिणाम विवर्धकातून न येता श्रोत्याच्या मनातून येतो, एवढ्यावरून त्याला मिळणारा आनंद खोटा ठरत नाही. मात्र तो विवर्धकाचा गुण म्हणून विकणे योग्य ठरत नाही.

जतन व धोके : जुना विवर्धक सापडताच वीजपुरवठ्यास जोडणे ही सर्वांत मोठी चूक होय. दीर्घकाळ पडून राहिल्याने विद्युत् विच्छेद्य धारित्रांतील द्रव सुकतो व ॲल्युमिनियमवरील निरोधक थर क्षीण होतो. कागदी धारित्रे ओलावा शोषून गळू लागतात. दोन टप्प्यांना जोडणारे धारित्र गळू लागले, तर आधीच्या टप्प्याचा धन दाब शक्तिनलिकेच्या जालकावर येतो, नलिकेतून बेसुमार प्रवाह वाहतो, तिची पट्टिका लाल होते व अखेर प्रदान रोहित्र जळते. नलिका बदलून मिळते, धारित्रही मिळते. परंतु मूळ वेटोळ्याचे रोहित्र मिळत नाही. एका अल्पमोलाच्या घटकाकडे दुर्लक्ष केल्याने उपकरणाचे सर्वस्व नष्ट होते, ते असे. याशिवाय नलिका विवर्धकांत ४०० ते ५०० व्होल्ट एकदिश दाब असतो व वीज बंद केल्यावरही तो धारित्रांत काही काळ शिल्लक राहतो. स्पर्श झाल्यास तो प्राणघातक ठरू शकतो. काही जुन्या तेलभरित धारित्रांत आरोग्यास अपायकारक असलेली पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिले असतात. अमेरिकेत त्यांचे उत्पादन १९७९ मध्ये बंद करण्यात आले.

येथे संग्राहकांपुढे एक खरा पेच उभा राहतो. मूळ घटक तसेच ठेवले, तर ऐतिहासिक वस्तू अबाधित राहते. पण ती वाजविता येत नाही. ते बदलले, तर ती वाजते. पण तिच्या कर्त्याने निवडलेले घटक जातात. वस्तुसंग्रहालयांत पहिला, तर संगीतप्रेमींत दुसरा मार्ग पत्करला जातो. काढलेले घटक जपून ठेवणे, केलेल्या प्रत्येक बदलाची लेखी नोंद करणे व मुखपट्टी, रोहित्रे आणि तारांची मूळ बांधणी यांना हात न लावणे, असा मध्यम मार्ग जाणकार सुचवितात. जुन्या विवर्धकांचा कायापालट करून त्यांना ‘सुधारण्याचा’ हव्यास मात्र अनेक उत्तम उपकरणांच्या नाशास कारणीभूत झाला आहे.

नलिकांचा पुरवठा हाही चिंतेचा विषय आहे. ब्रिटन व अमेरिका येथील मोठे कारखाने १९८० च्या दशकात बंद झाले. त्यानंतरचे उत्पादन मुख्यत्वे रशिया, स्लोव्हाकिया व चीन या देशांत एकवटले. २०२२ च्या युद्धकाळात रशियातून होणाऱ्या निर्यातीत काही काळ व्यत्यय आला, तेव्हा हा आधार किती अरुंद आहे हे दिसून आले.

भारतातील स्थिती : भारतात आयात निर्बंधांमुळे १९९१ पूर्वी परदेशी उच्च तद्रूपतेची उपकरणे अल्प प्रमाणातच आली. सामान्य घरांत ध्वनिमुद्रिका ऐकल्या गेल्या त्या बहुतांशी नलिकांच्या रेडिओला जोडलेल्या वादकावर अथवा रेडिओग्रामवर. बंगलोर येथील भारत इलेक्ट्रॉनिक्स (स्थापना १९५४) या सरकारी कंपनीने १९६० च्या दशकापासून रेडिओच्या नलिका देशातच तयार केल्या व त्यांतील न वापरलेल्या नलिकांना आता संग्राहकांकडून मागणी असते. मुंबईतील चोर बाजार व लॅमिंग्टन रोड येथील दुकाने ही जुनी उपकरणे व सुटे भाग यांची परिचित ठिकाणे आहेत. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या जतनाचे कार्य केले आहे. ध्वनिमुद्रिका जपण्याइतकेच त्या वाजविणारे यंत्र जपणे आवश्यक आहे, ही जाणीव मात्र भारतात अद्याप पुरेशी रुजलेली नाही.

आजचा अल्पमोलाचा एकात्मित विवर्धकही मापनाच्या दृष्टीने १९६१ च्या सर्वोत्तम विवर्धकास सहज मागे टाकतो. जुन्या विवर्धकांचे महत्त्व अचूकतेत राहिलेले नसून, ज्या काळी अचूकता दुर्लभ होती त्या काळी ती मिळविण्यासाठी वापरलेल्या बुद्धीत व हस्तकौशल्यात आहे. त्यांतील मंडल डोळ्यांनी पाहता येते, दोष शोधता येतो व साध्या हत्यारांनी दूर करता येतो. दुरुस्त होऊ शकणे हा गुण नव्या उपकरणांत दुर्मिळ झाल्यामुळे साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे हे विवर्धक अजूनही वापरात टिकून आहेत [⟶ ट्रँझिस्टर, ध्वनिमुद्रण, विवर्धक, इलेक्ट्रॉनीय].